काळी माती आणि अभियंत्याची विद्या

आमच्या यवतमाळच्या घराला एक भेग आहे. न्हाणीच्या कोपऱ्यापासून निघून ती माजघराच्या खिडकीपर्यंत तिरपी चढत गेलेली आहे. आजोबांनीं घर बांधल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षींच ती दिसूं लागली, असें वडील सांगत. चैत्र-वैशाखांत तींत करंगळी शिरे; श्रावणांत पोस्टकार्डही शिरत नसे. दरसाल अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गवंडी येई, चुना भरी आणि 'पुढल्या वर्षीं पुन्हां बोलवा' असें सांगून जाई. "जमीन श्वास घेते, तिला कोण काय करणार ?" हें त्याचें ठरलेलें उत्तर. तीन पिढ्या आमच्या घरांतील सुशिक्षित मंडळी त्या उत्तरावर समाधान मानीत आली.

सहा वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीनें स्थापत्य शाखेंत शिकण्याचें ठरविलें, आणि तेंही आमच्याच जिल्ह्यांतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत. घरांत त्यावर पुष्कळ वाद झाला. आम्ही स्वतः विरोधकांत होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. शिकावयाचेंच तर पुण्यास शिकावें. आणि मुलीनें विटा-सिमेंटाच्या धंद्यांत पडावें कशाला, असा आमचा युक्तिवाद होता. मुलीच्या आईनें मात्र एकच प्रश्न विचारला : "पुण्याची माती वेगळी शिकवितात कां ?" त्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस सुचलें नाहीं. पुढें तें पुतणीनेंच दिलें.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटींत तिनें परसांतील थोडी माती खणून आणली. ती पूर्ण वाळवून, कुटून, बारीक चाळणीनें चाळून घेतली. दोन मापाच्या कांचेच्या उभ्या नळ्या आणल्या; प्रत्येकींत दहा-दहा ग्रॅम माती घातली; एकींत पाणी भरलें, दुसरींत रॉकेल. घरांतील लहान मुलें भोंवतीं जमलीं. काडीनें ढवळून, आंतील हवा काढून टाकून दोन्हीं नळ्या चोवीस तास देवघराबाहेरच्या कोनाड्यांत ठेवल्या. दुसरे दिवशीं सकाळीं पाहतों तों रॉकेलांतील माती जेथल्या तेथें बसलेली, आणि पाण्यांतील माती तिच्या दीडपटीहूनही वर फुगून आलेली ! "काका, हीच आपली भेग," ती म्हणाली.

प्रयोग इतका साधा आहे कीं कोणत्याही घरीं करून पाहतां येईल. रॉकेल मातीच्या कणांत शिरत नाहीं, म्हणून तेथें मातीचें खरें आकारमान कळतें. पाणी शिरतें, म्हणून तेथें फुगलेलें आकारमान कळतें. रॉकेलांत माती दहा मापांवर आणि पाण्यांत सतरा मापांवर असेल, तर ती शेंकडा सत्तर फुगते असें समजावें. हा कांहीं पोरखेळ नव्हे. प्रयोगशाळांतून मातीची परीक्षा करण्याची ही मान्य रीत आहे. आमच्या दोन एम. ए. आणि एका वकिलाच्या घरांत साठ-सत्तर वर्षें जें कोणास सुचलें नाहीं, तें एका विद्यार्थिनीनें दोन नळ्यांनीं दाखविलें. तेव्हांपासून ही विद्या आमच्या जिल्ह्यांत आली कशी, याविषयीं आम्हांस जिज्ञासा उत्पन्न झाली. त्या शोधांत जें हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

महाराष्ट्रांत या विद्येचा आरंभ पुण्यास झाला. इ. स. १८५४ सालीं तेथें एक इंजिनियरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा निघाली. इमारती, धरणें, कालवे, आगगाडीचे रस्ते व पूल यांच्या कामावर सरकारला हाताखालचे लोक हवे होते. ते तयार करणें एवढाच तिचा हेतु होता. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें आणि १८६६ सालीं ही शाळा त्यास जोडली जाऊन तिचें महाविद्यालय झालें. तेथूनच १८८३ सालीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या परीक्षा उत्तीर्ण झाले. म्हैसूरकडील या तरुणानें पुढें १९०३ सालीं पुण्याजवळील खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या रेट्यानें आपोआप उघडणारीं दारें बसविलीं, हें सर्वश्रुत आहे. हाताखालचे लोक तयार करण्यास काढलेल्या शाळेंतून वरिष्ठांनाही न सुचलेलें काम करणारा पुरुष निघाला ! विद्येचें हेंच वैशिष्ट्य आहे. ती ज्या मापानें दिली जाते, त्या मापांत राहत नाहीं.

मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, व १९४७ सालीं सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. परंतु वऱ्हाडांत यांपैकीं कांहींच नव्हतें. वऱ्हाडांत होता तो कापूस. तो बाहेर नेण्यासाठीं यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरांची अडीच फुटी अरुंद आगगाडी सुरू झाली. तिलाच पुढें लोकांनीं 'शकुंतला' हें लाडकें नांव दिलें. ती बांधली विलायती कंपनीनें, तिचीं इंजिनें आलीं विलायतेहून, आणि तिनें वाहून नेलेला कापूसही विलायतेच्या गिरण्यांत जाई. या साऱ्या व्यवहारांत आपल्या जिल्ह्याचा भाग काय, तर जमीन, मजुरी आणि कापूस. त्यामागील विद्या आपली नव्हती. गाडी यवतमाळास आली, परंतु गाडी बांधण्याचें ज्ञान पुढें कितीतरी वर्षें यवतमाळास आलें नाहीं.

त्या काळीं वऱ्हाडांतील एखाद्या मुलास इंजिनियर व्हावयाचें असेल, तर पुण्याचा किंवा मुंबईचा लांबचा रस्ता धरावा लागे. नागपुरास १९२३ सालीं विश्वविद्यालय झालें. १९४२ सालीं कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या उदार देणगीमधून रासायनिक तंत्रविद्येची संस्था उभी राहिली. स्थापत्याचें व यंत्राचें शिक्षण मात्र मध्यप्रांत-वऱ्हाडासाठीं १९४७ सालीं निघालें तें जबलपुरास. पुढें १९५६ सालीं प्रांतांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यांत आला, आणि जबलपूर सीमेपलीकडे राहिलें. ही उणीव भरून निघाली ती १९६० सालीं. त्या वर्षीं नागपुरास विभागीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झालें आणि त्यास विश्वेश्वरय्यांचेंच नांव मिळालें. १९६४ सालीं अमरावतीस सरकारी महाविद्यालय निघालें. विद्या एकेक मुक्काम करीत आमच्याकडे येत होती.

यवतमाळ जिल्ह्यांत ती पोहोंचली १९८३ सालीं. हें वर्ष वऱ्हाडच्या शिक्षणाच्या इतिहासांत विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं वसंतदादा पाटील यांच्या सरकारनें विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयें काढण्यास मुभा दिली. त्याच वर्षाच्या १ मे रोजीं नागपुराहून वेगळें होऊन अमरावती विद्यापीठ अस्तित्वांत आलें. आज तें संत गाडगेबाबांचें नांव धारण करितें. त्याच वर्षीं बडनेरा, शेगांव आणि पुसद या तिन्हीं ठिकाणीं अभियांत्रिकी महाविद्यालयें निघालीं. पुसदचें महाविद्यालय बाबासाहेब नाईक यांच्या नांवानें ओळखलें जातें. पुसदजवळील गहुली हें वसंतराव नाईक यांचें जन्मगांव. त्यांनीं १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद सांभाळलें. पुसदला त्या काळीं आगगाडी नव्हती, मोठे कारखाने नव्हते. परंतु नुकतेंच, १९८२ सालीं, पैनगंगेवर इसापूरचें प्रचंड मातीचें धरण पुरें झालेलें होतें. मातीचें शास्त्र शिकावयाचें तर याहून मोठा वस्तुपाठ शेजारीं कोणता असणार ?

पुढें १९९६ सालीं यवतमाळास जवाहरलाल दर्डा यांच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. तेथें इतर शाखांबरोबर वस्त्र-अभियांत्रिकीची शाखाही चालूं झाली. शकुंतलेनें कापूस नेण्यास सुरुवात केल्यापासून कितीतरी वर्षांनीं, त्या कापसाचें शास्त्र शिकण्याची सोय कापसाच्या गांवीं झाली.

येथें विद्यापीठाची 'विद्याशाखा' म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण पुष्कळ पालक महाविद्यालय पाहतात, परंतु त्यामागची रचना पाहत नाहींत. विद्याशाखा ही एखादी इमारत नव्हे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पांच जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत काय शिकवावें, त्याची परीक्षा कशी घ्यावी, कोणत्या विषयावर संशोधन मान्य करावें, हें ठरविणारी ती अध्यापकांची सभा होय. पूर्वीं अभियांत्रिकीची स्वतंत्र विद्याशाखा असे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें ती विज्ञानाशीं जोडून 'विज्ञान व तंत्रज्ञान' अशी एकच विद्याशाखा झाली. नांवें बदललीं तरी प्रश्न तोच राहतो : या पांच जिल्ह्यांतील माती, पाणी आणि पीक यांचा या सभेच्या अभ्यासक्रमांत किती वांटा आहे ?

तो वांटा किती असूं शकतो, हें पाहण्यास पुन्हां आमच्या परसांतील मातीकडे वळूं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले. त्यांच्या थिजलेल्या खडकाची युगानुयुगें झीज होऊन ही काळी कसदार जमीन झाली. हींत माँटमोरिलोनाइट नांवाचें एक खनिज असतें. त्याचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी त्या पानांमध्यें शिरतें आणि सारी वही फुगते. उन्हाळ्यांत पाणी निघून गेलें कीं वही मिटते. म्हणून वैशाखांत शेतांत हात-हात खोल भेगा पडतात. कपाशीस हें मानवतें, कारण ही माती पावसाचें पाणी दीर्घकाळ धरून ठेविते. घरास मात्र हें मानवत नाहीं, कारण पाया खालींवर होतो. सारें घर एकसारखें वर उचललें गेलें तर फारसें बिघडणार नाहीं. परंतु एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा असला, म्हणजे भिंत तडकलीच!

यावर शास्त्रानें उपाय शोधले आहेत, आणि ते आपल्याच देशांत शोधलेले आहेत. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें तळाशीं घंटेसारखे रुंद केलेले खांब प्रचारांत आणले. जेथें ऋतूप्रमाणें ओलावा बदलत नाहीं, अशा सुमारें साडेतीन मीटर खोलीपर्यंत ते उतरवितात. वरची माती फुगो वा आटो, खांब जागचा हलत नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं दुसरी युक्ति शोधली. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, परंतु चिकटपणा असणाऱ्या मुरुमासारख्या मातीचा जाड थर दाबून बसविला, तर खालच्या मातीचें फुगणें आवरतें, हें त्यांनीं दाखविलें. कर्नाटकांतील मलप्रभेच्या कालव्यावर या पद्धतीचा उपयोग झाला. आणि ज्या काळ्या मातीनें आमची भिंत तडकते, तीच माती मातीच्या धरणाच्या गाभ्यांत घालतात. कारण ती दाबून बसविली व बाहेरून मुरुमानें झांकली, म्हणजे तिच्यांतून पाणी सहसा पाझरत नाहीं. तेव्हां माती वाईट नाहीं; तिची ओळख नसणें वाईट.

कापसाचेंही तसेंच. शंभर किलो कापूस जिनिंगच्या यंत्रांतून काढला, तर रुई सुमारें एकतृतीयांश निघते. बाकीचा बहुतेक भाग सरकीचा. यंत्रांत चामड्याचें रूळ धाग्यास धरून ओढतात आणि पोलादी सुरी सरकीस मागें ढकलते. रूळ झिजला, सुरीचें अंतर चुकलें, वा कापूस फार कोरडा असला, तर धागा तुटतो. धाग्याची लांबी, बारीकपणा आणि बळकटी यांवर त्याची किंमत ठरते. १७० किलोंची एकेक गांठ जिल्ह्याबाहेर जाते, तेव्हां तिची किंमत शेतकऱ्याच्या घामानें जितकी ठरलेली असते, तितकीच त्या सुरीच्या अंतरानेंही ठरलेली असते. हें अंतर नीट राखणारा मनुष्य तयार करणें, हें वस्त्र-अभियांत्रिकीचें काम आहे. वरून हें काम क्षुल्लक वाटतें, परंतु तें क्षुल्लक नाहीं.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर हा लेख नुसती स्तुति ठरेल. विनाअनुदान महाविद्यालयांची संख्या महाराष्ट्रांत भराभर वाढली. गेल्या दशकांत कित्येक ठिकाणीं जागा रिकाम्या राहिल्या. स्थापत्य व यंत्र या शाखांस विद्यार्थी मिळेनात आणि संगणकाच्या शाखेपुढें रांग लागली. शिकून झालेलीं मुलें पुणें, हैदराबाद, बंगळूर येथें जातात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. पोट तिकडे आहे. परंतु एक मोठी खंत यांत आहेच. यवतमाळ जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर पोहोंचलें. त्या दुःखाचीं कारणें अनेक आहेत आणि एकटा इंजिनियर तीं दूर करूं शकणार नाहीं. तरी धरणाचें पाणी कालव्यांतून शेवटच्या शेतापर्यंत पोहोंचणें, विहिरीचें बांधकाम न ढांसळणें, आणि कर्ज काढून बांधलेलें घर तिसऱ्या वर्षीं न तडकणें, हीं कामें त्याचींच आहेत. जिल्ह्यांत ही विद्या शिकविली जाते आणि जिल्ह्यांतच तिचा सर्वांत जास्त तुटवडा भासतो, हें कोडें विद्याशाखेनें आणि आपण पालकांनीं मिळून सोडविलें पाहिजे.

पालकांनीं म्हणण्याचें कारण असें कीं, महाविद्यालय निवडतांना आपण नोकरीच्या पगाराचा आंकडा विचारतों आणि तेवढ्यावर परततों. आणखी दोन-तीन प्रश्न विचारावयास काय हरकत आहे ? प्रयोगशाळेंत मुलें स्वतःच्या हातानें माती तपासतात कीं नुसतें पाहतात ? शेवटच्या वर्षाचें काम जवळपासच्या एखाद्या कालव्यावर, विहिरीवर वा जिनिंगवर होतें, कीं कोठूनतरी उतरून घेतलें जातें ? अध्यापक गांवांत फिरतात काय ? ज्या महाविद्यालयांत या प्रश्नांस मोकळेपणानें उत्तर मिळेल, तेथें मुलास वा मुलीस निःशंक घालावें. मग तें पुण्यास असो वा पुसदास. मुलींच्या पालकांनीं तर विशेष धीर धरावा. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयांत १९४० सालीं ए. ललिता नांवाच्या बालविधवेनें, पदरीं लहान मुलगी असतां, विजेच्या अभियांत्रिकीस प्रवेश घेतला आणि ती पदवीधर झाली. त्या वेळीं जें शक्य झालें, तें आज आपण कठीण मानावें, हें आपल्यालाच शोभत नाहीं.

राहतां राहिली आमची भेग. पुतणीनें प्रथम तिच्यावर कांचेची एक पातळ पट्टी दोन्हीं टोकांस प्लास्टरानें चिकटवून बसविली व शेजारीं तारीख लिहिली. वैशाखांत ती पट्टी मधोमध तुटली. भिंत अजून हलते याचा तो पुरावा. मग तिनें कारण शोधलें. न्हाणीचें पाणी पिढ्यानुपिढ्या त्याच कोपऱ्यांत मुरत होतें; तो कोपरा बारमाही ओला, आणि उरलेलें घर उन्हाळ्यांत कोरडें. आजोबांनीं बागेस पाणी मिळावें म्हणून केलेली सोयच भिंतीस बाधली होती ! तिच्या सांगण्याप्रमाणें आम्हीं न्हाणीचें पाणी नळानें दूर परसाच्या टोकास नेलें. भिंतीलगतची काळी माती काढून तेथें मुरूम ठोकून भरला, आणि घराभोंवतीं बाहेर उतार देऊन चार फूट रुंद फरशी केली. खर्च एका लहानशा मुंजीच्या मांडवाइतकाही आला नाहीं. म्हातारा गवंडी काम पाहण्यास आला होता. तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हें मला पूर्वीं कोणीं सांगितलें असतें, तर गांवांतलीं पुष्कळ घरें वांचलीं असतीं."

पुतणीची पदवी पुरी झाली. तिला पुण्याहूनही नोकरीचें बोलावणें आलें. सध्यां ती तेथेंच आहे, आणि परत यावें कीं नाहीं याचा विचार तिच्या मनांत चालूं आहे. आम्ही त्यांत कांहीं बोलत नाहीं. एकदां चुकीचा सल्ला देऊन झालेला आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा बारावीस आहे, आणि घरांत पुन्हां तोच वाद सुरू झाला आहे. फरक इतकाच कीं, या वेळीं आम्ही प्रथम प्रयोगशाळा पाहून येण्याचें ठरविलें आहे.

भेगेवर दुसरी कांचेची पट्टी बसविल्यास दोन उन्हाळे झाले. ती अद्याप अखंड आहे.